छातीतलं पाणी

डॉक्टरबाईंनी सुई बाहेर ओढली. भुऱ्याच्या छातीतून पुन्हा पाणी निघालं होतं, या खेपेला लालसर. मिस्त्रींच्या बायकोनं त्याच्या कानामागे खाजवलं.

"पुरे झाली हं नाटकं, गुलामा! घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

अशा मायाळू बाईसमोर वाईट बातमी सांगायची कुणी? डॉक्टरबाईंचा चेहरा बघूनच मिस्त्रींना काय ते उमगलं. "अगं, याचं भांडं तेवढं विसळून आण," ते म्हणाले. ती बाहेर नळाकडे गेली.

"लवकर बोला, बाई. ती यायच्या आत. पोटच्या पोरासारखा जीव लावलाय तिनं या कुत्र्याला."

"हृदयाचं दुखणं समजून मी औषधं देत राहिले. चुकलंच माझं. नुसत्या पाण्यावरून हे कळत नाही. परवा छातीच्या आतल्या पडद्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं. कॅन्सर आहे. कुत्र्यांत फार क्वचित होतो." त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "तुमच्याकडे कुणी जुने सिमेंटचे, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापतं का?"

"मीच. उभा जन्म गेला त्यात."

"त्या धुळीनं होतो हा. श्वासातून आत जाते आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहते. माणसांच्याही छातीत."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. म्हणजे या मुक्या जिवाला आपणच मारलं! व्हायचं तर आपल्याला व्हायचं. पण आपल्या छातीचा फोटो दरवेळी स्वच्छ येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? त्यांचे डोळे भरून आले.

"पण मी त्या कपड्यांनी घरात पाऊलसुद्धा टाकत नाही हो," ते कळवळून म्हणाले. "मागच्या दारीच उतरवतो. हा मेला तिथं घुटमळत असतो, कपडे झटकताना."

"कोण झटकतं?"

मिस्त्रींची नजर बाहेर नळाकडे गेली.

तेवढ्यात भांडं पुसत बायको आत आली. शेवटचं तेवढं तिच्या कानावर पडलं होतं.

"यांचे कपडे ना? मीच की!" ती ठसक्यात म्हणाली. "यांना कुठलं जमतंय? लग्न झाल्यापासून यांची चिमूटभर धूळ मी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही."