हार घातलेली मोटर

"बैलांचा जमाना संपला!" तेलघाण्याच्या नव्या विजेच्या मोटरीला हार घालून रतिलालशेठनी जाहीर केलं. घाण्याचे दोन्ही बैल बाजारात नेऊन विकायचा हुकूम घाण्यावरच्या गड्याला, पुनाला मिळाला आणि शेठनी ऐटीत खटका दाबला. मोटर ढिम्म.

मिस्त्रीनं फ्यूज बदलला, तारा सोडून पुन्हा जोडल्या, शेवटी हारसुद्धा काढून पाहिला. बैलांचे कासरे सोडता सोडता पुना मोटरीकडे पाहून म्हणाला, "शेठ, यानी शेपटी कोठे शे? जरा पिळी दखसू."

"तू आधी बाजाराला निघ!" शेठ खेकसले.

तेवढ्यात वीजघराचा माणूस घामाघूम होऊन दारात आला.

"शेठ, वीज बंद आहे. वीज बनवणाऱ्या इंजिनाचं तेल आणणारी आमची लॉरी नाल्यात रुतलीय. घटकाभर बैल देता का?"