तीनच्या आत

दुपारी तीनच्या आत फोन वाजला की नापास, तीनपर्यंत गप्प राहिला की पास. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल आमच्याकडे असाच कळतो. मास्तर फोन करतात ते फक्त नापासांना. बाकीच्यांनी घड्याळाकडे बघत जीव मुठीत धरून बसायचं. रिंस्के सकाळपासून तशीच बसली होती. स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, तिथून जिन्याखालचा फोन समोर दिसतो. तिने आज पुढचं दारसुद्धा उघडलं नव्हतं.

रिंस्के बावन्न वर्षांची. आमच्या हार्लिंगन बंदराच्या बाजारात तिची हेरिंग माशांची गाडी आहे. चौदाव्या वर्षी बापाने शाळेतून काढलं आणि हातात सुरी दिली, तेव्हापासून ती मासेच साफ करतेय. तिची तिन्ही मुलं मात्र शिकली. तिन्ही वेळा घरावर रीतीप्रमाणे झेंडा लागला आणि झेंड्याच्या काठीला पास झालेल्याचं दप्तर लटकलं. वर चढायचा तो हार्म, तिचा नवरा. खाली शिडी धरून उभी राहायची ती रिंस्के. तिच्या पन्नाशीला शेजाऱ्यांनी दारात थट्टेसाठी कापडाची म्हातारी बाहुली आणून बसवली, पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक बाईच्या दारात ती बसवतातच. त्या म्हातारीकडे बघून रिंस्केचं काय बिनसलं कोण जाणे. भर पाहुण्यांत म्हणाली, "हसा लेको. त्या काठीला एक दिवस माझं दप्तर लागणार आहे."

बोलून बसली, मग संध्याकाळची शाळा लावणं आलंच. गेल्या वर्षी सगळे विषय सुटले आणि गणिताने घात केला. तेव्हा फोन पावणेतीनला वाजला होता. यंदा एकटं गणित उरलं होतं.

"माझी पिशवी कुठं दिसत नाही," रिंस्के म्हणाली. पुस्तकं ती माशांच्याच पिशवीतून न्यायची. वर्गात तिच्या शेजारी सहसा कोणी बसत नसे.

"मला काय ठाऊक," हार्म म्हणाला.

दोन वर्षं त्याचं एकच पालुपद होतं. आधी बटाटे उकड, मग समीकरणं सोडव. आज मात्र बटाट्यांचं नावही नव्हतं. उगाच उठायचा, पुढच्या खोलीत जाऊन यायचा. त्याच्या सदऱ्याचे खांदे अजून ओलसर होते.

"पाऊस आहे का बाहेर?"

"सकाळी होता थोडा."

पुढच्या रस्त्यावरून सायकलवाले घंट्या वाजवत चालले होते. एकाने तर आरोळी ठोकली.

"शेजारच्या योरिसचा लागला वाटतं निकाल," रिंस्के म्हणाली. "त्यांची शाळा लवकर कळवते. पोरगं हुशारच आहे."

हार्मने कॉफीत साखर घातली, आणि ढवळता ढवळता पुन्हा एकदा घातली.

तीनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

दोघंही जागच्या जागी थिजली. फोन वाजत राहिला. रिंस्केने घड्याळाकडे बघितलं. पुन्हा तेच. पुन्हा बाजारात तोंड लपवायचं, पुन्हा गिऱ्हाइकांचं 'असू दे गं' ऐकून घ्यायचं. हार्मचा चेहरा तर तिच्याहून पडला होता.

"नको घेऊ," तो म्हणाला.

"का? कुणाची चोरी आहे?" रिंस्के उठली, तिने फोन उचलला आणि पलीकडच्याला बोलूच दिलं नाही. "सर, तुम्ही काही सांगू नका. गणितात गेले, कळलं मला. पुढच्या वर्षासाठी नाव घालून टाका. मी येतेय."



"कुठले सर? मी फेमके, पावाच्या दुकानातली. अगं, अभिनंदन करायला फोन केला. आत्ता बसमधून झेंडा बघितला तुझा. आणि ती मळकी पिशवी लटकवायची कल्पना कुणाची गं? सगळी बस हसत होती."

रिंस्केने फोन ठेवला आणि हार्मकडे बघितलं. हार्म फरशीकडे बघत होता.

तिने जाऊन पुढचं दार उघडलं. वर झेंडा लागला होता, पावसाने जड झालेला. काठीला तिची माशांची पिशवी. समोर अर्धी गल्ली जमली होती. योरिसची आई तर फुलं घेऊनच उभी.

"कधी लावलास?"

"सकाळी. तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

"उतरव. आत्ताच्या आत्ता उतरव. तीन वाजायचेत अजून. गावभर शोभा होईल माझी."

"होऊ दे."

"आणि नापास झाले तर?"

"तर राहील तिथंच वर्षभर," हार्म म्हणाला. "दर वेळी कोण चढ-उतर करणार? माझे गुडघे दुखतात. आणि आत्ताच ऐकलं मी, तू नाव घालतेच आहेस."

रिंस्केला हसावं की त्याला दोन शिव्या घालाव्यात ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच. दोघं उंबऱ्यात उभी राहिली, पाठीमागे दार सताड उघडं, जिन्याखाली फोन. गल्लीला एव्हाना काय ते उमगलं होतं. योरिसच्या आईने फुलं हळूच पाठीमागे नेली.

चर्चच्या घड्याळाने एक टोला दिला. मग दुसरा. मग तिसरा.

फोन गप्प होता.

गल्लीने एकच गिल्ला केला. सायकलींच्या घंट्या पुन्हा सुरू झाल्या, फुलं पुढे आली. हार्मने त्या गर्दीतून वाट काढत शिडी आणली आणि अगदी सरळ तोंड करून विचारलं, "हं. उतरव म्हणत होतीस ना?"

रिंस्केने त्याच्या हातातून शिडी घेतली, भिंतीला टेकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तू खाली धर," ती म्हणाली. "पिशवी वाकडी लागलीय."