जिंतूरच्या रस्त्यावरची गाडी

"उतरा खाली. गाडी सरकारी कामाला पाहिजे," जवान म्हणाला आणि त्यानं बैलांचा कासरा हातात घेतला.

कल्याणरावांनी समन्स पुढं केलं. "आमी बी सरकारी कामालाच जायलोत. जिंतूरच्या कचेरीत साक्ष हाय माझी."

जवानानं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्यानं कडूबाईची भाकरीची दुरडी उचलून बाभळीखाली ठेवली. दोघं जवान गाडीत बसले आणि निघून गेले.

गेल्या साली याच रस्त्यावर लुटारूंनी कल्याणरावांची पहिली गाडी बैलांसकट हिसकावून नेली होती. चौकीत त्यांनी अकरा चकरा मारल्या. दर वेळी एकच उत्तर मिळालं. आत्ताचा कायदा कच्चा आहे, नवा येतोय, थांबा. आता त्या नव्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांचं म्हणणं ऐकायला हैदराबादहून बडे साहेब येणार होते.

नवराबायको दोन कोस उन्हात चालले. कल्याणराव सगळ्या वाटेनं चरफडत होते. कडूबाई एकदाच बोलली. "त्या चोरांनी मला पाणी तरी पिऊ दिलं होतं."

कचेरीच्या आवारात त्यांची गाडी उभी होती. दोन शिपाई तिच्यातून ट्रंका आणि वळकट्या उतरवत होते. साहेबांची मोटार वाटेत बंद पडली होती, असं दारावरच्या शिपायानं सांगितलं.

आत साहेब मसुदा उर्दूत वाचत होते. शेजारी बसलेला त्यांचा कारकून, म्हणजे पेशकार, ते मराठीत सांगत होता. "रस्त्यावर कुणाची गाडी जो जबरदस्तीनं घेईल, त्याला सात वर्षं सक्तमजुरी. मग तो कुणी का असेना." त्यानं मान वर केली. "कल्याणराव, काय म्हणायचंय तुम्हाला?"

"कायदा लय चांगला हाय. पण साहेब, बाहेर उभी हाय ती गाडी माझी हाय. तुमच्या माणसांनी आमाला वाटंत उतरवून आणली. मागितली असती तर मी दिली असती."

पेशकार अडखळला. मग त्यानं ते सगळं उर्दूत सांगितलं. साहेबांनी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. साल उलटल्यावर पहिल्यांदाच आपलं कुणीतरी ऐकून घेतंय, असं कल्याणरावांना वाटलं.

साहेब वाकून पेशकाराच्या कानात काहीतरी बोलले. पेशकारानं टाक दौतीत बुडवला आणि कल्याणरावांच्या समोरच, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "साक्षीदार कल्याणराव. तीनदा पुकारलं. गैरहजर."