जाड पट्टी

"आई झोपेत दात खाते हो, पार भिंतीपलीकडे ऐकू येतं," मुलानं दातांच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. "तिच्या शिलाईच्या दुकानाचा ताण, दुसरं काय! एकदा ते विकलं की शांत झोपेल."

आई तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी ओल्या लगद्यानं भरलेला मापाचा साचा तिच्या दातांवर दाबून बसवला. "रात्री दातांवर घालायच्या पट्टीचं माप घेतेय. आता घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही."

मुलाला आयतंच फावलं. गिऱ्हाईक बघून ठेवलंय, मशीन भंगारवाला उचलायला तयार आहे, आईनं आता घरी निवांत बसावं... तो बोलतच सुटला. आईच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि कात्री धरून घट्टे पडलेली बोटं खुर्चीचा हात आवळत होती.

साचा निघाला. आईनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि मुलाकडे न बघता विचारलं, "ही पट्टी घालून झोपले की दात खाणं थांबेल?"

"खरं सांगू? थोडे दिवस कमी होईलही. पण जबड्याला आवळायचं असतं तेव्हा तो आवळतोच. पट्टी मधे असली की दात तेवढे झिजत नाहीत."

"म्हणजे दात शाबूत राहतील?"

"राहतील."

"मग चांगली जाड बनवा," आई खुर्चीवरून उतरत म्हणाली. "यानं दुकान विकायचं टुमणं लावलं, तेव्हापासून मी दात खातेय. आणि दुकान काही मी विकत नाही."