पर्वरीचं स्थळ

"पाहुण्यांसमोर भाषेचं काही काढू नका हो," यमुनाबाईंनी दाराआडून नवऱ्याला बजावलं.

"मी कशाला काढतोय?" रावजी मास्तर म्हणाले आणि ओटीवर येऊन बसले. पण डोक्यात दुसरं होतंच काय? उभा जन्म हातखंब्याच्या पोरांना मराठी शिकवण्यात गेला, आणि एकुलत्या एक लेकीला, राहीला, स्थळ आलं ते थेट पणजीजवळच्या पर्वरीहून! सत्त्याऐंशीचं साल. तिकडे कोकणी की मराठी यावरून नुसतं रान पेटलेलं. पर्वरीच्या माळावर नवी वसाहत उठत होती, आणि म्हणे एका जिन्यातली दोन बिऱ्हाडं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

स्थळ आणलं पर्वरीतच राहणाऱ्या राहीच्या मावशीने, चिमाने. तिच्याकडे राही वर्षभर टायपिंग शिकायला होती. दगडफेक सुरू झाली तसं मास्तरांनी तिला घरी आणलं.

मुलगा आत्माराम सरकारी नोकरीत, स्वभावाने शांत. त्याची आई सावित्रीबाई मात्र तोंडाची फटकळ.

आज मास्तरांना काही उमजत नव्हतं. एरवी पाहुणे यायचे म्हटलं की ही पोर रडून घर डोक्यावर घ्यायची. आज पहाटे उठून अंगण सारवलंन! चहा दिलान तोही कुणाला न विचारता. सावित्रीबाईंना साखरेचा, आत्मारामला बिनसाखरेचा. त्यानेही तो निमूट प्यायला. चिमा तर मान वर करीना. हा प्रकार तरी काय?

"आमच्या घरांत कोंकणी उलयतात हां," सावित्रीबाई म्हणाल्या. "सुनेनूय तीच उलोवंक जाय. मराठी चलची ना."

मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणजे सुनेने कोकणीच बोलायचं! उद्या नातवंडं येणार, आणि त्यांच्याशी बोलायला मला दुभाषा लागणार? त्यांना अगदी भरून आलं.

"मग हे जमायचं नाही," ते ताडकन उठले. "माझी मुलगी तोंड शिवून नांदायची नाही."

"नाका जाल्यार नाका!" सावित्रीबाईही उठल्या. "चल रे आत्माराम. संगमेश्वराक आनीक एक चेडूं पळोवपाचें आसा." संगमेश्वरला म्हणे त्यांना दुसरी मुलगी बघायची होती.

आत्माराम जागचा हलेना. चिमाने डोळ्यांना पदर लावला. मास्तर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. अरे, स्थळ मोडलं आमचं, आणि ही का रडतेय?

"राही, तू आत जा बघू," ते ओरडले.

राही गेली नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, आत्मारामच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शब्द न शब्द स्वच्छ ऐकू आला.

"मांडवीकाठच्या माळावर उठली चिऱ्यांची घरं,
आत्मारामरावांचं नाव घेते, सांगून टाकते खरं."