साडेतीन तास ऊन

“थे कार्ड आन इकडं,” किसनराव म्हणाले आणि दार अडवून उभे राहिले.

रागिणीने पर्स छातीशी धरली. आज अकरा वाजता तेल्हाऱ्याच्या तहसिलीत सुनावणी होती. एका बाजूला तिचे सासरे किसनराव, दुसऱ्या बाजूला शेजारच्या शेताचा सूर्यभान. आणि साक्षीला ती. हिवरखेडबाहेरच्या हवामान केंद्रात ती नोकरीला होती.

तेवीस एप्रिलला किसनरावांनी कापणी झालेलं गव्हाचं रान पेटवलं. त्याच दिवशी सूर्यभानचा सोलर पंप बंद पडला आणि त्याच्या शेडनेटमधली मिरचीची तीस हजार रोपं पाण्यावाचून गेली. सूर्यभान अकोल्याला गेला होता. संध्याकाळी परतला तर इकडे रोपांनी माना टाकलेल्या, तिकडे शेजारचं रान काळंठिक्कर. त्याने दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभं राहून किसनरावांच्या सात पिढ्या उद्धरल्या. किसनराव कुऱ्हाड घेऊन धावले. लोकांनी धरलं म्हणून निभावलं.

धुराने ऊन झाकलं, असा सूर्यभानचा अर्ज. दिवसभर कडक ऊन होतं, असा किसनरावांचा जबाब. निकाल लागायचा तो केंद्रातल्या काचेच्या गोळ्यावरून. गोळ्याखाली रोज नवं कार्ड ठेवतात. ऊन असेल तोवर ते गोळ्यातून एकवटून कार्डावर तपकिरी रेघ जाळत जातं. ऊन मंदावलं की रेघ तुटते. तहसीलदाराने मूळ कार्डच मागितलं होतं. केंद्रातल्या साहेबांना विचारून रागिणीने ते काल संध्याकाळी घरी आणलं होतं.

“दिवसभर ऊन होतं, एवढंच सांगाचं.”

“जे कार्डावर आहे तेच सांगीन, मामाजी.”

“या घरचं खाते अन् त्या सूर्यभानची साक्ष देते?”

“कोणाचीच नाही देत. तुमी आधी ऐकून तर—”

“चूप!”

अंगणात तिचा नवरा अंकुर मोटारसायकलवर बसून होता. त्याने चावी फिरवली, पुन्हा बंद केली. बापाच्या तोंडी तो कधी लागत नसे.

किसनरावांनी पर्स हिसकावली. लिफाफ्यात वीतभर कार्ड होतं. डावीकडे जेमतेम चार बोटं रेघ, पुढे सगळं कोरं. तासांच्या खुणा बारीक छापलेल्या होत्या. चष्म्यावाचून त्या किसनरावांना दिसल्या नाहीत. दिसला तो कोरा भाग. एवढा कोरा! सूर्यभान तहसिलीत मिशीला पीळ देत उभा असलेला त्यांना दिसला. आणि कागद आपल्याच घरातून गेलेला.

अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांनी कार्ड चुलीत कोंबलं.

रागिणी धावली. तिने हात घातला, पण कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ मोठा होता. कार्ड आक्रसलं, काळं झालं, संपलं.

“जाय आता. सांग काय सांगाचं थे.”

तिने भाजलेली बोटं बादलीत बुडवली. रडली नाही. मग म्हणाली, “मामाजी, आग कितीले लावली तुमी?”

“दोनले. अकोटाहून यष्टीतून उतरलो अन् लावली. अख्ख्या शिवारानं पाह्यली. काहून?”

“रेघ सव्वादहालेच तुटली होती. पहाडात रातीपासून वणवा होता. सकाळीच धूर खाली उतरला. सूर्यभान काकाचा पंप बंद पडला तवा तुमी अकोटातच होते.”

किसनरावांना आठवलं. त्या दुपारी यष्टीतून उतरताना सूर्य तांब्याच्या थाळीसारखा दिसत होता. पायाखाली सावलीसुद्धा धड पडत नव्हती. मळभ आहे, बरं झालं, पेटवताना पोळणार नाही, असंच तेव्हा त्यांना वाटलं होतं.

“मंग... रजिस्टर असते न तुमचं?”

“त्यात दिवसाची नुसती बेरीज. साडेतीन तास ऊन. ते परवाच तहसिलीत पोचलं. ऊन कितीले गेलं, ते कार्डावरच होतं.”

“मोबाइलमधी फोटो?”

“नाही काढला. घरातच तर होतं.”

किसनराव चुलीपुढे उकिडवे बसले. एक पऱ्हाटी ओढून त्यांनी राख चाळवली. हाती काही लागलं नाही. वर पाहिलं तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता.

“तू सांग न, बाई. तू पाह्यलं हाये कार्ड. तुह्या तोंडानं सांग. खरंच तर हाये.”

रागिणीने मातीत पडलेली पर्स उचलली, झटकली आणि अंकुरच्या मागे जाऊन बसली.

“सांगीन, मामाजी. पण आता मी खरं बोलले तरी लोक म्हणतीन, सून आहे, सासऱ्यासाठी खोटं बोलून राहिली.”