इरावतीचं पहिलं ऊन

अकोल्याच्या मे महिन्यातल्या भर दुपारी इरावती अंगणात गिरक्या घेत होती. ज्या पोरीला जन्मापासून उन्हाची तिरीप लागली तरी अंगावर फोड उठायचे, ती आज डॉक्टरांनी टोचलेल्या नव्या लशीच्या भरवशावर उघड्या हातांनी उन्हात होती! तिची आई हेमांगी दारातून बघत होती.

तेवढ्यात पोरीच्या दंडावर पिवळसर झाक चढली. हेमांगीने धावत जाऊन हात लावला, तर दंड नुसता तापलेला! तिने इरावतीला ओढत घरात आणलं, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली आणि डॉक्टर कासारबाईंना फोन लावला.

"मॅडम, हिला ताप भरलाय हो!"

"थर्मामीटर काय दाखवतोय?"

"ताप नाहीच दाखवत. पण कातडी तव्यासारखी तापलीय, पिवळीही पडलीय!"

"अहो, मग लस लागू पडली की!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "झाडाच्या पानाला ऊन जास्त झालं की ते जादा उजेडाची उष्णता करून बाहेर टाकतं, म्हणून करपत नाही. तेच आता तुमच्या लेकीची कातडी करतेय. पिवळेपणाही त्याचाच. सोडा तिला!"

हेमांगीने फोन ठेवायच्या आत इरावती बाहेर पळाली होती.

"आई, बघ ना, माझी सावली पायाखाली आलीय! दिव्यासमोर तर केवढी लांब पडते!"

त्या घरात आजवर उन्हाचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतलं जायचं. आज हेमांगी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं कार्टे, चप्पल तरी घाल! पाय भाजतील!"